बाबांची शुगर आटोक्यात होती, तरी मेंदूला झटका आला. मधुमेहाचं कोणतं औषध खरंच स्ट्रोक टाळतं?

निळाई

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी दात घासताना बाबांच्या हातातून ब्रश गळून पडला. उजवा हात उचलेना, बोलणं बोबडं झालं. गाडी काढून त्यांना बसवेपर्यंत वीसेक मिनिटं गेली आणि तेवढ्यात सगळं पूर्ववत झालं. बाबा म्हणायला लागले, "हात अवघडला होता, कशाला जायचं?" तरी नेलंच. एमआरआयमध्ये ताजी इजा दिसली नाही, पण मानेतल्या डाव्या धमनीत मेदाचा थर सापडला, साधारण ४० टक्के अडथळा. निदान टीआयए, म्हणजे तात्पुरता झटका.

बाबा ६७ वर्षांचे. मधुमेह १४ वर्षांपासून. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर, ६.९. दर तीन महिन्यांची तपासणी त्यांनी एकदाही चुकवलेली नाही. आम्ही घरात सगळे निर्धास्त होतो, कारण रिपोर्टवर आकडा चांगला होता.

आता डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं जीएलपी-१ गटातलं (आतड्यातल्या एका संप्रेरकासारखं काम करणारं) मधुमेहाचं इंजेक्शन सुचवलंय. मी म्हटलं, शुगर तर बरी आहे, मग आणखी औषध कशाला? ते म्हणाले, "हे शुगरसाठी देत नाहीये, मेंदूसाठी देतोय." तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनी पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीचं नाव घेतलं. ओळखीतले एकजण म्हणतात, लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या सगळ्यात चांगल्या.

मधुमेहाच्या औषधाने स्ट्रोक टळतो का? आणि टळत असेल, तर इतकी वर्षं बाबा औषध घेतच होते ना? जाणकारांनी कृपया लिहा.

पाऊलवाट

निळाई, बाबांना वेळेवर नेलंत हे फार चांगलं केलंत. झटका आपोआप ओसरला म्हणून घरी बसणारे लोक मी पाहिलेत. आमच्या मोठ्या काकांचं तसंच झालं होतं. चौथ्या दिवशी खरा स्ट्रोक आला.

माझा पायोग्लिटाझोनचा अनुभव आहे, संध्याकाळी सविस्तर लिहिते.

चेतातंतू

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. निळाई यांचा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, म्हणून जरा लांब लिहितो.

मधुमेह असलेल्या माणसाला गुठळीमुळे होणाऱ्या स्ट्रोकचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. त्यामुळे साखर खाली आणली की हा धोकाही खाली येईल, असं आम्हा डॉक्टरांनाही वाटायचं. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं ठरलं. तिथल्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक असतात आणि त्यांना साखरेचा थेट त्रास होतो. मानेतल्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्यांचं गणित वेगळं निघालं.

२००८ साली ॲकॉर्ड या चाचणीचे निकाल आले. १०,२५१ रुग्ण होते. अर्ध्या लोकांचं एचबीए१सी ६च्या खाली आणायचा आटोकाट प्रयत्न केला गेला. साडेतीन वर्षांनी तो भाग मध्येच थांबवावा लागला, कारण कडक नियंत्रणाच्या गटात २५७ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्या गटात २०३. स्ट्रोक काही कमी झाले नाहीत. त्याच वर्षी ॲडव्हान्स या ११,१४० रुग्णांच्या चाचणीतही स्ट्रोक घटले नाहीत. ब्रिटनमधला यूकेपीडीएस हा १९७७ मध्ये सुरू झालेला दीर्घ अभ्यास घ्या. मूळ चाचणी संपल्यावर आणखी दहा वर्षं त्या रुग्णांचा पाठपुरावा झाला. सुरुवातीपासून साखर नीट ठेवलेल्यांमध्ये हृदयविकाराचे झटके कमी दिसले, पण स्ट्रोकमध्ये ठाम फरक दिसला नाही.

म्हणून निळाई, तुमच्या बाबांनी काही चुकवलं नाही. त्यांनी डोळे आणि मूत्रपिंडं जपली. ६.९ हा आकडा मेंदूची हमी देत नव्हता, एवढंच. आम्ही डॉक्टर हे रुग्णांना वेळीच सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता दुसरी बाजू. काही औषधं साखर उतरवण्याव्यतिरिक्त धमनीवर काम करतात. हे आपल्याला कळलं त्यालाही एक कारण घडलं. २००७ मध्ये रोझिग्लिटाझोन या गोळीने हृदयविकाराचे झटके वाढतात की काय, अशी शंका आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाची हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने तपासणी मागायला सुरुवात केली. उद्देश इतकाच होता की औषध घातक नाही हे सिद्ध व्हावं. त्या तपासण्यांमधून काही औषधं उलट संरक्षण देतात हे समोर आलं.

स्ट्रोकपुरतं बोलायचं तर जीएलपी-१ गट सगळ्यात पुढे आहे. २०१६च्या सस्टेन-६ चाचणीत आठवड्याचं सेमाग्लुटाइड इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी १.६ टक्के लोकांना जीवघेणा नसलेला स्ट्रोक आला, तर न घेणाऱ्यांपैकी २.७ टक्के लोकांना. २०१९च्या रिवाइंड चाचणीत ड्युलाग्लुटाइड होतं, ९,९०१ रुग्ण, पाच वर्षांहून जास्त काळ. तिथे हेच आकडे २.७ आणि ३.५ टक्के. रिवाइंड मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण त्यातल्या बहुतेकांना आधी हृदयविकार किंवा स्ट्रोक झालेला नव्हता. २०२४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि स्ट्रोक असोसिएशनने स्ट्रोक प्रतिबंधाची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचा जास्त धोका असेल तर या गटातलं औषध द्यावं, अशी शिफारस त्यात आहे.

हे नेमकं कसं घडतं? वजन उतरतं, रक्तदाब थोडा खाली येतो, धमनीच्या अस्तरातली सूज कमी होते. तुमच्या बाबांच्या मानेत जो थर आहे, तो फुटला की त्यावर गुठळी धरते आणि तिचा तुकडा वर मेंदूत जातो. सूज कमी झाली की असा थर फुटण्याची शक्यता घटते, असा आमचा अंदाज आहे. डॉक्टरांनी "मेंदूसाठी देतोय" म्हटलं ते या अर्थाने, आणि बरोबरच म्हटलं.

रोखठोक

डॉक्टरसाहेब, माहितीबद्दल आभार. पण २.७ वरून १.६ म्हणजे शंभर माणसांनी दोन वर्षं दर आठवड्याला सुई टोचून घ्यायची, तेव्हा त्यातल्या एकाचा स्ट्रोक टळणार. उरलेल्यांतले काहीजण मळमळ सोसणार. "स्ट्रोकचा धोका ३९ टक्क्यांनी कमी" अशी बातमी आली की लोकांना वाटतं, शंभरातले ३९ जण वाचले. माझ्या आईला हेच औषध सुरू केलं होतं. तिचं जेवण निम्म्यावर आलं आणि वजन इतकं उतरलं की जिना चढताना पाय लटपटायचे. ती आधीच बारीक होती. आम्ही बंद करून घेतलं आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

चेतातंतू

रोखठोक, तुमचा हिशेब अचूक आहे आणि तो प्रत्येक रुग्णासमोर मांडायला हवा. तुमच्या आईंच्या बाबतीत निर्णयही योग्य होता. मुळातच कृश असलेल्या वयस्क व्यक्तीत स्नायू घटणं परवडत नाही.

फक्त एक भर घालतो. तो "शंभरात एक" त्या चाचणीतल्या सरासरी माणसाचा आहे. ज्याला नुकताच टीआयए झालाय आणि ज्याच्या मानेत थर दिसतोय, त्याचा मूळ धोकाच खूप जास्त असतो. धोका जितका मोठा, तितका त्याच औषधातून मिळणारा फायदा मोठा. म्हणून एकाच औषधाबद्दल दोन घरांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात.

पाऊलवाट

लिहिते म्हणाले होते, आज वेळ मिळाला.

मला पाच वर्षांपूर्वी डाव्या बाजूचा सौम्य स्ट्रोक झाला. तेव्हा मला मधुमेह नव्हता, पण शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही असं तपासणीत आलं. पायोग्लिटाझोन सुरू झालं. मधुमेह नसताना मधुमेहाची गोळी का, म्हणून मी डॉक्टरांशी वाद घातला होता. त्यांनी २०१६च्या आयरिस चाचणीचा कागद माझ्यापुढे ठेवला. ३,८७६ माणसं होती, सगळ्यांना नुकताच स्ट्रोक किंवा टीआयए झालेला, मधुमेह कुणालाच नाही, पण इन्सुलिनला प्रतिरोध सगळ्यांना. साधारण पाच वर्षांत गोळी घेणाऱ्या ९ टक्के लोकांना पुन्हा स्ट्रोक किंवा हृदयविकाराचा झटका आला, न घेणाऱ्या ११.८ टक्के लोकांना. मधुमेह होण्याचं प्रमाणही जवळजवळ अर्ध्यावर आलं.

कागदाची मागची बाजू मी घरी येऊन वाचली. गोळी घेणाऱ्या अर्ध्याहून जास्त लोकांचं वजन साडेचार किलोंपेक्षा जास्त वाढलं होतं. पायांवर सूज ३५.६ टक्के लोकांना. हाड मोडून शस्त्रक्रिया किंवा दवाखान्यात भरती होण्याची वेळ ५.१ टक्के लोकांवर आली, न घेणाऱ्यांत ३.२ टक्के.

माझं वजन सहा किलोंनी वाढलं. संध्याकाळी मोज्याचा वळ पोटरीवर खोल उमटायचा. डोस ४५ मिलिग्रॅमवरून १५ वर आणला, तेव्हा सूज उतरली. दुसरा झटका आजवर आलेला नाही. तो गोळीमुळे आला नाही की येणारच नव्हता, हे मला कधीच कळणार नाही, आणि सुरुवातीला ही गोष्ट मला फार छळायची. टाळलेला झटका दिसत नाही, सुजलेले पाय मात्र रोज दिसतात.

चेतातंतू

पाऊलवाट यांनी सगळंच लिहिलंय. मधुमेह असलेल्यांसाठी एवढीच पुरवणी: २००५च्या प्रोॲक्टिव्ह चाचणीत ज्यांना आधी स्ट्रोक झालेला होता, त्यांच्यात पायोग्लिटाझोनने पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण १०.२ वरून ५.६ टक्क्यांवर आलं. हा एका मोठ्या चाचणीतला उपगट होता, त्यामुळे त्यावर पूर्ण भार टाकता येत नाही. पण गोळी जुनी आहे आणि योग्य रुग्णात अजूनही उपयोगी आहे. हृदय कमकुवत असेल, म्हणजे हार्ट फेल्युअर असेल, तर ती द्यायचीच नाही. हाडं ठिसूळ असतील किंवा मूत्राशयाचा कर्करोग होऊन गेला असेल तर दूरच राहावं.

औषधपेटी

मी फार्मासिस्ट आहे. निळाई, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट मला खटकली. बाबा ग्लिमेपिराइड घेतात. साखर ६.९ वर असताना त्यावर जीएलपी-१ इंजेक्शन चढवलं तर साखर फार खाली जाऊ शकते. ही इंजेक्शनं एकटी दिली तर सहसा साखर जास्त खाली नेत नाहीत, पण ग्लिमेपिराइड शरीराला गरज नसतानाही इन्सुलिन सोडायला लावतं. ते कमी करायचं की बंद, हे इंजेक्शन सुरू करायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

दुसरं म्हणजे डोळे. सस्टेन-६ मध्ये डोळ्यांच्या पडद्याच्या गुंतागुंती औषध घेणाऱ्यांत ३ टक्के होत्या, न घेणाऱ्यांत १.८ टक्के. ज्यांचा पडदा आधीच खराब आहे आणि साखर झपाट्याने उतरते, त्यांना हा धोका जास्त. १४ वर्षांचा मधुमेह आहे, तेव्हा पडद्याची तपासणी आधी करून घ्या.

मळमळीबद्दल: डोस अगदी कमी ठेवून सुरू करतात आणि काही आठवड्यांनी वाढवतात, ते यासाठीच. लवकर गुण यावा म्हणून स्वतः डोस वाढवणारे लोक मला भेटतात आणि तेच औषध अर्ध्यात सोडतात. घास लहान घ्यायचा, पोट भरल्यासारखं वाटलं की थांबायचं. सतत उलट्या झाल्या किंवा पोटात जोराची कळ येऊन पाठीपर्यंत गेली तर वाट बघू नका, डॉक्टरांना गाठा. आणि ग्लिप्टिन गटाची (सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन यांसारखी) मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती यासोबत घेण्यात अर्थ नसतो, दोन्ही एकाच वाटेने काम करतात. ग्लिप्टिनने स्ट्रोक कमी होतो असंही दिसलेलं नाही.

सावली

औषधपेटी यांनी साखर खाली जाण्याचं लिहिलं म्हणून सांगते. आमच्या सासूबाई एका रात्री एकदम असंबद्ध बोलायला लागल्या, डावा हात हलेना. आम्हाला वाटलं, अर्धांगच. दवाखान्यात पोचल्यावर थेट स्कॅनला नेलं. बऱ्याच वेळाने एका परिचारिकेने बोट टोचून साखर बघितली तर ती ३८. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत त्या माझं नाव घेऊन विचारत होत्या, "आपण कुठे आलोय?" त्या दिवशी संध्याकाळी त्या जेवल्या नव्हत्या आणि गोळी मात्र घेतली होती.

आता घरात ग्लुकोमीटर पलंगाशेजारीच असतं. मला अजूनही वाटतं, निघायच्या आधी आम्ही घरीच बोट टोचलं असतं तर.

चेतातंतू

सावली, स्वतःला दोष देऊ नका. साखर फार खाली गेली की हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसू शकतं, म्हणूनच स्ट्रोकच्या प्रत्येक रुग्णाची साखर सर्वात आधी बघायची असते. घरी मीटर असेल तर तपासा, पण त्यासाठी निघायला उशीर करू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं.

झटका आलेला असताना साखर कडकपणे खाली आणावी का, हेही तपासून झालंय. २०१९च्या शाइन चाचणीत १,१५१ रुग्ण होते. एका गटाची साखर ८० ते १३० मध्ये ठेवली, दुसऱ्याची १८०च्या खाली. तीन महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सावरले होते आणि साखर धोकादायक इतकी खाली गेली ती फक्त कडक गटात.

नवखा_वाचक

लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांचं काय? माझ्या भावाला एम्पाग्लिफ्लोझिन दिलंय.

चेतातंतू

हृदय आणि मूत्रपिंडासाठी ती उत्तम औषधं आहेत. २०१५च्या एम्पा-रेग चाचणीत ७,०२० रुग्णांमध्ये हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालं. स्ट्रोक मात्र कमी झाले नाहीत. भावाचं हृदय किंवा मूत्रपिंड नाजूक असेल तर गोळी चालू राहू द्या. फक्त तिच्याकडून मेंदूच्या संरक्षणाची अपेक्षा ठेवू नका.

मेटफॉर्मिनबद्दलही कुणी विचारेल म्हणून सांगतो. यूकेपीडीएसमध्ये वजन जास्त असलेल्या ३४२ जणांना ते दिलं होतं आणि हृदयविकाराचे झटके स्पष्टपणे घटले. स्ट्रोकही कमी दिसले, पण माणसं इतकी थोडी होती की ठाम बोलता येत नाही.

आता ज्याच्यासाठी मी हा धागा पुन्हा उघडला ते. निळाई, तुम्ही शुगरचा आकडा लिहिला, औषधांची नावं लिहिली. बाबांचा रक्तदाब किती असतो?

निळाई

डॉक्टर, खरं सांगू का, मला माहीत नव्हतं. फाइल काढून बघितली. दर भेटीत १५०च्या पुढेच आहे. एकदा १६४. कुणी काही बोललं नाही, आम्हीही विचारलं नाही. सगळ्यांचं लक्ष शुगरवर होतं.

चेतातंतू

मला हीच भीती होती.

त्याच यूकेपीडीएसमध्ये १,१४८ जणांच्या रक्तदाबाचाही अभ्यास झाला. १९९८ मध्ये निकाल आला. एका गटाचा सरासरी दाब १५४/८७ राहिला, दुसऱ्याचा १४४/८२. फक्त दहा अंकांचा फरक, आणि स्ट्रोक ४४ टक्क्यांनी कमी. मधुमेहाच्या कोणत्याही औषधाने एवढा फरक पाडल्याचं मी इतक्या स्पष्टपणे पाहिलेलं नाही. वर मी ज्या ॲकॉर्डबद्दल लिहिलं, जिथे साखर उतरवून काही साधलं नाही, तिथेच रक्तदाब १२०च्या खाली आणलेल्या गटात स्ट्रोक साधारण ४० टक्क्यांनी घटले होते. कोलेस्टेरॉलचंही तसंच. २००४च्या कार्ड्स चाचणीत मधुमेहींना रोज १० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिन दिलं आणि स्ट्रोक जवळजवळ निम्मे झाले.

याचा अर्थ जीएलपी-१ घेऊ नका असा नाही. तुमच्या बाबांना ते द्यावं, या मताचा मी आहे. पण रक्तदाब १६० ठेवून वर हे इंजेक्शन म्हणजे दार उघडं टाकून खिडकीला कडी लावणं. आधी दाब, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) आणि रक्त पातळ करणारी गोळी, आणि त्यांच्या जोडीला हे औषध. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर गुठळी रोखणारं वेगळं औषध लागतं, मधुमेहाचं कोणतंच औषध त्याची जागा घेत नाही. ईसीजी आणि काही दिवसांचं मॉनिटरिंग झालंय का, तेही विचारा.

रोखठोक

या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आईचा रक्तदाब आजच मोजतो.

निळाई

काल बाबांना पुन्हा दाखवून आणलं. धाग्यावरचे प्रश्न कागदावर उतरवून नेले होते, त्यामुळे काही राहिलं नाही.

रक्तदाबाची एक गोळी वाढवली, घरी दोन वेळा मोजून वहीत लिहायचंय. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या २१ दिवसांसाठी होत्या, त्यातली आता एकच राहील. ग्लिमेपिराइड इंजेक्शन सुरू होईल त्याच दिवसापासून बंद. पडदा तपासला, सुरुवातीचे बदल आहेत, पण इंजेक्शन द्यायला हरकत नाही असं सांगितलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. ठोक्यांचं मॉनिटर पुढच्या आठवड्यात लावणार आहेत. पायोग्लिटाझोनबद्दल विचारलं तर बाबांच्या पायांना आधीच सूज असते म्हणून नको म्हणाले.

बाबांनी रविवार ठरवलाय. औषधपेटी, एक विचारायचं राहिलं: एखाद्या रविवारी इंजेक्शन चुकलं तर दुसऱ्या दिवशी दिलं तर चालतं का?

औषधपेटी

चालतं. सेमाग्लुटाइड असेल तर चुकलेल्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत, आठवेल तेव्हा द्या आणि पुढचं पुन्हा ठरलेल्या रविवारी. पाच दिवस उलटून गेले असतील तर ते सोडून द्या आणि थेट पुढच्या रविवारी घ्या. राहिलेलं भरून काढायला दोन डोस एकदम कधीच नाही. ड्युलाग्लुटाइड दिलं असेल तर नियम थोडा वेगळा आहे: पुढच्या डोसला निदान तीन दिवस शिल्लक असतील तरच चुकलेला द्यायचा. पेटीवर कोणतं नाव आहे ते बघून घ्या.